प्रेमाने माणूस बरा होतो का? प्रेमविनोदी सिनेमे आणि मनाचा आजार

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव जिल्ह्यातली एक शिक्षिका, वय २७. लग्न ठरण्याच्या बेतात आहे. मुलगा नोकरीला आहे, स्वभावाने चांगला आहे, आणि दुसऱ्याच भेटीत त्याने स्वतःहून सांगितलं की त्याला बायपोलर आजार (कधी तेजीचे, कधी खोल उदासीचे झटके) आहे आणि चार वर्षांपासून लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. त्यानेच तिला ‘सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक’ हा सिनेमा दाखवला. ती पोटभर हसली, शेवटी रडलीही, आणि मग रात्रभर तिला झोप लागली नाही. ती विचारते: असे सिनेमे खरे किती? या आजारावर हसलं तर चालतं का? प्रेमाने माणूस खरंच बरा होतो का? घरी आईला तिने अजून काही सांगितलेलं नाही.

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण झोप त्यानेच उडवली आहे. बायपोलर प्रेमाने बरा होत नाही. पण हा आजार असलेला माणूस प्रेम करू शकतो, संसार करू शकतो, चांगला नवरा आणि चांगला बाप होऊ शकतो. असे संसार मी वर्षानुवर्षं जवळून पाहतो आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही घडावं लागतं, ते सिनेमा फार भरभर उरकतो. म्हणून हे उत्तर लांबलं आहे.

तालुक्याच्या गावी मानसोपचार करायला लागून मला २४ वर्षं झाली. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं असेल, तर ते हे: ‘लगीन करी टाका, आपोआप सुधरी जाई.’ मुलगा रात्र-रात्र झोपत नाही, लगीन करी टाका. मुलगी कोपऱ्यात बसून स्वतःशीच बोलते, लगीन करी टाका. सांगणारे आबा-अप्पा वाईट नसतात, त्यांना त्या पोराची मनापासून काळजी असते. अंगावर जबाबदारी पडली की माणूस ताळ्यावर येतो, हा त्यांचा अनुभव असतो, आणि साध्या उनाडपणाच्या बाबतीत तो खराही असेल. मेंदूच्या आजाराला तो लागू पडत नाही. प्रेमविनोदी सिनेमा मला पहिल्यांदा नीट कळला तो याच वाक्यामुळे. अमेरिकेतल्या सिनेमातही तेच सांगितलेलं असतं. योग्य माणूस भेटला की डोकं शांत होतं.

हे सूत्र पार टोकाला नेऊन दाखवलं ते आपल्याच ‘खामोशी’ने. वहिदा रेहमानची परिचारिका रुग्णावर प्रेम असल्याचं भासवते. ते नाटक म्हणजेच त्याचा उपचार. पहिला रुग्ण बरा होऊन निघून जातो, दुसऱ्यासाठी तिला तेच पुन्हा करावं लागतं, आणि शेवटी ती स्वतः त्याच वॉर्डात रुग्ण म्हणून पोहोचते. सिनेमा विनोदी मुळीच नाही. पण प्रेमाला औषध करून टाकलं की त्याची किंमत कोण मोजतं, ते त्याने स्वच्छ दाखवलं. उपचार म्हणून ते तेव्हाही शास्त्राला धरून नव्हतं, आजही नाही. आपल्या गावांत त्या परिचारिकेच्या जागी नवी सून उभी असते, आणि आपल्याला कशासाठी आणलं आहे हेही तिला माहीत नसतं.

दरवर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास माझ्या ओपीडीतली गर्दी बदलते. लेकी माहेरी आलेल्या असतात. झोके बांधलेले असतात, घरोघर सांजोऱ्या, पुरणपोळ्या असतात, आणि दुपारच्या उन्हात आई डोक्यावर पदर घेऊन लेकीला माझ्याकडे घेऊन येते. कुणी स्वतः रुग्ण असते. लग्नाआधी गोळ्या चालू होत्या, सासरी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिल्या महिन्यात तांदळाच्या डब्यात लपवून घेतल्या आणि दुसऱ्या महिन्यात बंद केल्या. कुणी रुग्णाची बायको असते. वजन उतरलेलं, नजर जमिनीकडे. एकजण मला म्हणाली होती, ‘मला आधी सांगितलं असतं ना डॉक्टर, तरी मी हो म्हटलं असतं. सांगितलंच नाही.’ (इथे जे प्रसंग सांगतो आहे, त्यांत कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्या मुलाने तुम्हाला दुसऱ्याच भेटीत सांगितलं. ताई, हे किती दुर्मीळ आहे याची तुम्हाला कल्पना नसेल.

आता तुमच्या सिनेमाकडे येतो. ‘सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक’ २०१२चा, डेव्हिड ओ. रसेलचा. त्याच्या स्वतःच्या मुलाला मनाच्या आजाराचा त्रास होता आणि तो डोळ्यांसमोर ठेवून आपण हा सिनेमा केला, असं त्याने उघडपणे सांगितलेलं आहे. पाहताना ते जाणवतं. आठ महिने मनोरुग्णालयात काढून नायक पॅट घरी येतो तेव्हा आईबापाच्या चेहऱ्यावर जी भीती आणि जो आनंद एकाच वेळी दिसतो, तो मी दर आठवड्याला माझ्या समोरच्या खुर्च्यांवर पाहतो. मुलगा घरी आला याचा आनंद आणि आज रात्री तो झोपेल का याची भीती. पॅट सुरुवातीला गोळ्या घेत नाही, त्यांनी अंग जड होतं म्हणतो. हेही खरं. निम्म्याहून अधिक रुग्ण मला हेच सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. वजन वाढतं, हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं. डॉक्टरने हे ऐकून घ्यायचं असतं. डोस कमी-जास्त करता येतो, औषध बदलता येतं. रुग्णाने रागाने परस्पर बंद करू नये, एवढंच.

त्यातला जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग आठवा. पॅट आणि नायिका टिफनी पहिल्यांदाच भेटतात आणि कुठल्या गोळीने काय काय झालं याच्या गप्पा मारू लागतात. बाकीचे दोघं अवघडून बसलेले. तुम्ही तिथे हसला असाल. माझे काही रुग्णही तिथे हसले, आणि ते हसू मला फार मोलाचं वाटतं. कारण आपल्याकडे गोळीचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही. लोक पाकीट फाडून गोळ्या साध्या डबीत भरून ठेवतात, जेणेकरून नाव कुणी वाचू नये. चारचौघांत दोन माणसं आपल्या औषधांची नावं क्रिकेटच्या धावसंख्येसारखी घेतात, हे पडद्यावर दिसणं हेच त्या रुग्णांसाठी सुटका होती. त्यातल्या डॉक्टर पटेलच्या भूमिकेत आपले अनुपम खेर आहेत, हेही घरच्यांना समजावताना मला उपयोगी पडतं.

खोटं कुठे आहे? वेळात. सगळी गोष्ट काही महिन्यांत, एका फुटबॉलच्या हंगामात आटोपते. प्रत्यक्षात लिथियमसारखं औषध सुरू केल्यावर तेजीचा झटका उतरायलाच काही आठवडे जातात, आणि पुढचा झटका येऊ नये म्हणून ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. टिफनीबरोबरच्या नाचाच्या सरावाने पॅटला फायदा झाला, तो मी नाकारत नाही. रोज ठरलेल्या वेळी उठायचं, कुणीतरी वाट पाहत असतं, शरीर दमतं, रात्री झोप लागते. दिनक्रमाला बांधून ठेवणं हा बायपोलरच्या उपचाराचा खराच भाग आहे. पण सिनेमा पाहून आलेला माणूस म्हणतो, ‘त्याला त्या मुलीने बरं केलं.’ मध्ये एक रात्र येते. पॅट आपल्या लग्नाचा व्हिडिओ शोधत अख्खं घर उलथंपालथं करतो, गडबडीत आईला मार लागतो, बापाशी झटापट होते, दारात पोलीस येतो. त्या रात्रीनंतर तो गोळ्या घ्यायला लागतो. सिनेमा तिथे फार रेंगाळत नाही, म्हणून प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो नाच.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती प्रेमविनोदी सिनेमांच्या मुळालाच हात घालते. प्रेमात पडलेला माणूस आणि तेजीच्या झटक्यात शिरत असलेला माणूस बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात. दोघं कमी झोपतात, भरभर बोलतात, खूप खर्च करतात, त्यांना सगळं जग आपलं वाटतं. मध्यरात्री तिच्या दाराशी जाणं, नोकरी सोडून तिच्या गावी पोहोचणं, चारशे लोकांसमोर मागणी घालणं. सिनेमात यांवर टाळ्या पडतात. माझ्या फाईलमध्ये हीच वाक्यं लक्षणांच्या रकान्यात लिहिलेली असतात.

एक मुलगा होता, घरची कापसाची शेती. कापूस विकून पैसे आले आणि सहा दिवसांत त्याने जळगावच्या सराफ बाजारातून एका मुलीसाठी सोन्याचा हार आणि पाटल्या आणल्या. मुलगी त्याने एका लग्नात दोनदा पाहिली होती. घरच्यांना वाटलं, पोरगं प्रेमात पडलं. मोठा भाऊ हसून म्हणालाही, आता याचं उरकून टाकू. त्याच्या आईने मात्र मला वेगळंच सांगितलं. ‘तीन वाजता उठतो, गोठा झाडतो, गाणी म्हणतो, आणि दिवसभर थकतच नाही.’ निदान तिथेच झालं. प्रेमात पडलेला माणूस रात्री जागतो आणि दुसऱ्या दिवशी डोळे चोळत फिरतो. तेजीतला माणूस तीन तास झोपून आठ तास झोपल्यासारखा ताजा असतो. त्याला झोपेची गरजच वाटत नाही. हा फरक तुम्ही पाठ करून ठेवा. पुढच्या आयुष्यात तो तुम्हाला माझ्यासारख्या दहा डॉक्टरांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. त्याचं प्रेम खरं की आजार, असं मात्र दर वेळी तपासत बसू नका. फक्त झोपेकडे लक्ष ठेवा.

‘ॲज गुड ॲज इट गेट्स’ (१९९७) तुम्ही पाहिला नसेल तर पाहा. जॅक निकल्सनचा लेखक, ज्याला ओसीडी आहे, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार. कुलूप पाच वेळा लावतो-काढतो, हात धुताना दर वेळी नवा साबण उघडतो, फरशीच्या फटीवर पाय पडू देत नाही, हॉटेलात स्वतःचे काटे-चमचे घेऊन जातो. हे सगळं बारकाईने आणि बरोबर दाखवलं आहे. एका जागी मात्र मला तो खटकतो. तो माणूस तोंडाने विखारी आहे, सगळ्यांचा अपमान करतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की हेही ओसीडीच. तसं नाही. ओसीडीचे बहुतेक रुग्ण उलट भित्रे, सतत माफी मागणारे, आपल्यामुळे कुणाला त्रास होऊ नये म्हणून जीव टाकणारे असतात. स्वभाव आणि आजार यांची गाठ मारली की रुग्णाचा दुप्पट तोटा होतो.

पण त्या सिनेमाने एक गोष्ट अशी केली आहे जी फार थोड्यांनी केली. त्यात तो त्याला आवडणाऱ्या वेट्रेसला हॉटेलात सांगतो, की तुझ्यामुळे मी गोळ्या घ्यायला लागलो. गोळ्यांचा त्याला तिटकारा असतो, तरी. प्रेम इथे औषधाच्या जागी आलेलं नाही, औषध घेण्याचं कारण म्हणून आलं आहे. माझ्या मते या प्रकारच्या सगळ्या सिनेमांत सगळ्यात प्रामाणिक प्रेमकबुली हीच. फुलं आणि अंगठी कुणीही देतं.

ओसीडीवरून एका घराबद्दल सांगायलाच हवं, कारण प्रेम आजाराला कसं खतपाणी घालू शकतं ते मला तिथे कळलं. आमच्याकडे कितीतरी गावांत नळ चार-चार, आठ-आठ दिवसांनी येतो. अशाच एका गावातली बाई, पस्तिशीची, दिवसातून पन्नासदा हात धुणारी. बाजारातून आलेली केळीसुद्धा सालीवरून साबणाने धुवायची. हातांना भेगा पडून रक्त यायचं. नवऱ्याचा तिच्यावर जीव. टाकी संपली की तो सायकलला कळशा बांधून मळ्यातल्या विहिरीवर जायचा, उन्हातान्हात, दिवसातून तीनदा. गावाने त्याची चेष्टा केली, त्याने पर्वा केली नाही. माझ्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न एवढाच होता, की पाणी आणखी कुठून आणता येईल.

मला त्याला सांगावं लागलं, की तू आणलेली प्रत्येक कळशी तिचा आजार वाढवते आहे. तो गप्प झाला. चेहरा पडला. ओसीडीत मनात घाणीची शंका येते, धुतल्यावर घटकाभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच पुढची शंका जास्त जोरात येते. उपचार असा, की गोळ्यांबरोबर हळूहळू त्या शंकेला सामोरं जायचं आणि धुवायचं नाही. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तासभर. अस्वस्थता चढते, शिखरावर जाते आणि आपोआप उतरते, हे तिने स्वतः अनुभवायचं. नवऱ्याचं काम एवढंच की शेजारी बसायचं आणि कळशी आणायची नाही. पहिल्या दिवशी ती रडत होती आणि तो दाराच्या उंबऱ्यावर हातात हात घट्ट धरून बसला होता. मला नंतर म्हणाला, ‘विहिरीवर जाणं सोपं होतं.’ तीन महिने लागले तिचे हात भरून यायला. गोळ्या ती अजूनही घेते. या दोघांवर सिनेमा निघाला असता तर त्यातला नायक शेवटी दोन कळशा घेऊन धावत आला असता.

‘बेनी अँड जून’ (१९९३) मला जपून शिफारस करावासा वाटतो. त्यातल्या जून या मुलीचा आजार गोड, लोभस करून दाखवला आहे. स्किझोफ्रेनियाचं रोजचं ओझं असं नसतं. पण बसमधला प्रसंग खरा आहे. प्रियकर शेजारी बसलेला असतो आणि तिला आवाज ऐकू यायला लागतात. त्याचं प्रेम तिथे अपुरं पडतं, तिला दवाखान्यात न्यावंच लागतं. आणि भावाची गोष्ट तर फार खरी. वर्षानुवर्षं बहिणीला सांभाळणारा, तिच्यासाठी स्वतःचं आयुष्य थांबवून ठेवलेला भाऊ. असे भाऊ खान्देशात घरोघर आहेत. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

‘डिअर जिंदगी’ (२०१६) पुरता प्रेमविनोदी नाही, पण त्यात एक गोष्ट आहे जी सगळ्यांनी पाहावी. आलिया भट्टच्या पात्राला आपल्या समुपदेशकाबद्दल ओढ वाटू लागते. हे उपचारात नेहमी घडतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मधे न तोडता ऐकून घेतलेलं असतं. शाहरुखचा समुपदेशक ते समजून घेतो आणि तिथेच थांबवतो. तसंच हवं. कुठल्याही डॉक्टरने किंवा समुपदेशकाने रुग्णाशी प्रेमाचं नातं जोडलं, तर तो गुन्हेगारासारखा वागला असं मी म्हणेन, पडद्यावर ते कितीही सुंदर दिसो.

‘अनजाना अनजानी’ (२०१०) बद्दल माझं मत कडक आहे. दोन माणसं जीव द्यायचं ठरवतात, तारीख ठरवतात, आणि तोवर मजा करत प्रेमात पडतात. मरण्याचा विचार हा ज्यांच्या डोक्यात खरोखर घर करून आहे, त्यांच्यासाठी तो सहल काढण्याचं निमित्त नसतो. ज्यांना असे विचार येतात त्यांनी कुणी भेटेल म्हणून वाट पाहू नये. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मराठीत मनाच्या आजारावर ‘देवराई’ आणि ‘कासव’सारखे उत्तम सिनेमे झाले. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. दोन्हींनी गंभीर वाट धरली. हसवणारं, प्रेमाचं, आणि तरी आजाराशी खरं राहणारं असं काही अहिराणी घरात घडताना दिसावं, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

म्हणजे मी हसण्याच्या विरुद्ध नाही. तुम्ही अपराधी वाटून घेऊ नका. हसतं कोण आणि कुणासोबत, एवढंच मी बघतो. २०१९ साली एका हिंदी सिनेमाचं नाव ‘मेंटल है क्या’ असं होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी आक्षेप घेतला आणि ते बदलून ‘जजमेंटल है क्या’ झालं. काहींना वाटलं, एवढ्यातेवढ्यावरून काय. पण ‘मेंटल’ हा शब्द माझ्या रुग्णाला शाळेच्या फाटकात, पारावर, लग्नाच्या पंगतीत रोज ऐकावा लागतो. ज्या हसण्यामुळे माणूस दवाखान्याची पायरी चढायला लाजतो, ते हसू महाग पडतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं, की वेगवेगळ्या मनोविकारांत १०० पैकी ७० ते ९२ रुग्ण उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यामुळे आमच्याकडे ‘याला ठाण्याला न्या’ हीच शिवी झाली. आता धुळ्या-जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार मिळतो, पण ती शिवी अजून गेलेली नाही.

दुसऱ्या प्रकारचं हसू माझ्याकडे दर दोन महिन्यांनी येणारं एक जोडपं घेऊन येतं. नवऱ्याला बायपोलर, लग्नाला १७ वर्षं. त्याला गाण्याची आवड. पहाटे तो गायला लागला की बायको चुलीपासूनच विचारते, ‘आज गोयी ऱ्हायनी का?’ (आज गोळी राहिली का?) तो रागावत नाही, हसतो, आणि डबी उघडून दाखवतो. बहुतेक वेळा गोळी घेतलेली असते आणि गाणं नुसतं गाणंच असतं. दोनदा मात्र डबीत गोळ्या तशाच होत्या, आणि दोन्ही वेळा ते त्याच आठवड्यात माझ्याकडे आले, झटका वाढायच्या आत. हा विनोद त्यांनी मिळून तयार केला आहे. तो करायचा हक्क तिला त्यानेच दिला आहे.

तुम्ही मुलाला विचाराल तर हेच विचारा. आतापर्यंत किती झटके आले, शेवटचा कधी, दवाखान्यात राहावं लागलं का, गोळ्या तो स्वतः घेतो की आईला आठवण करावी लागते, दारू घेतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बिघडायला लागलं की सगळ्यात आधी काय बदलतं, आणि ते त्याला कुणी सांगितलेलं चालतं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे असेल तर तो आपला आजार ओळखून आहे.

मुलांचंही तुमच्या मनात असणारच. एका पालकाला बायपोलर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात दहाच्या आसपास धरतात. म्हणजे शंभरातल्या नव्वदांना होत नाही. आजार बाईला असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात बाळाला अपाय करतं, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आम्ही शक्यतो ते देतच नाही. लग्न ठरलं की ते घेणाऱ्या मुलीने आधी डॉक्टरला भेटावं. मनाने बंद करू नये.

कायद्याबद्दल थोडक्यात. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसता आजार असणं हा लग्नाला अडथळा मानत नाही. माणसाला समजून संमती देता येत नसेल, आजार अशा प्रकारचा किंवा इतक्या प्रमाणात असेल की तो लग्नाला आणि मुलं होऊ देण्याला अयोग्य ठरेल, किंवा वेडाचे झटके वारंवार येत असतील, तरच तो अडथळा ठरतो. सर्वोच्च न्यायालयानेही निदानाच्या नुसत्या नावावर न जाता आजाराचं प्रमाण पाहिलं आहे. लपवून केलेलं लग्न मात्र फसवणूक म्हणून कोर्टात जाऊ शकतं. म्हणून दोन्ही घरांत सांगितलेलं असणं हे दोघांच्याही हिताचं. तुमच्या आईला तुम्हीच सांगा, मुलासमोर नको, एकटीला गाठून. ती पहिल्या दिवशी नाही म्हणेल. म्हणू द्या. त्या मुलाच्या डॉक्टरकडे त्याच्या संमतीने तुम्ही तिघं एकदा जाऊन या. आई डॉक्टरला जे विचारेल ते तुम्हाला सुचणारही नाही.

आणि हो म्हणाल तर तारीख मे महिन्यातली धरू नका. हे मी फार गांभीर्याने सांगतो आहे. लिथियम हे मिठासारखं शरीरातल्या पाण्याच्या हिशोबावर चालतं. भुसावळ-जळगावला पारा ४५च्या वर जातो, घाम वाहतो, पाणी कमी पडतं, आणि रक्तातलं लिथियम चढतं. नेहमी ते ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवायचं असतं, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घेऊन मोजतात. चढलं तर हात जोरात थरथरतात, जुलाब-उलट्या होतात, बोलणं जड येतं, चाल डगमगते. असं दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना. डोकं दुखलं, पाय दुखले म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून देऊ नका, त्यानेही लिथियम चढतं. मीठ अचानक बंद करू नका. थायरॉईड आणि किडनीची तपासणी सहा महिन्यांनी.

दुसरी काळजी झोपेची. आमच्याकडे हळदीची रात्र, मग डीजे, मग पहाटेपर्यंत वरात, दुसऱ्या दिवशी पुन्हा जागरण. सलग दोन रात्रींची झोप गेली की बायपोलरच्या माणसाला तेजीचा झटका येऊ शकतो. नवरदेव लग्नानंतर चौथ्या दिवशी भरती झालेला मी पाहिला आहे, आणि सगळं गाव म्हणत होतं की सून पायगुणाची नाही. त्या मुलीचा दोष एवढाच की तिच्या लग्नात वरात पाच तास चालली. म्हणून हळद सकाळी ठेवा. वरात संध्याकाळी लवकर काढा. रात्री अकराला नवरदेव झोपायला गेला पाहिजे, पाहुणे रागावले तरी. रात्रीच्या गोळीची जबाबदारी त्याच्या एका मित्रावर सोपवा, ज्याला सगळं माहीत आहे, आणि गोळ्या त्या मित्राच्या खिशात ठेवा, नवरदेवाच्या बॅगेत नको, कारण त्या गडबडीत बॅग कुठल्या गाडीत जाईल सांगता येत नाही. दिवाळीनंतरचे, थंडीतले मुहूर्त पाहा.

तो सिनेमा दोघांनी पुन्हा एकदा लावा. व्हिडिओ शोधण्याची ती रात्र आली की थांबवा, आणि त्याला विचारा, तुझी अशी रात्र कुठली होती. तो सांगेल तेवढं ऐका.